हाऊसबोटीच्या आत एक होडी आहे

थर्ड इयरला आमची स्टडी टूर केरळला गेली होती. नावाला ‘स्टडी’, हे सांगायला नकोच. अलेप्पीला, म्हणजे आता अलप्पुळाला, आम्ही बारा जणांनी कॉन्ट्री काढून एक हाऊसबोट घेतली. दोन बेडरूम, गाद्या टाकलेला हॉल, मासे तळणारा कुक आणि डेकवर फोटो काढायला वेताची खुर्ची. दुपारभर बोट फिरली आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागली. आम्ही वैतागलो, कारण खरा सनसेट तर पुढेच होता. मग कळलं की तिथे हाऊसबोटींना अंधार पडायच्या आत थांबावंच लागतं. रात्री ते पाणी मच्छीमारांच्या जाळ्यांचं असतं.

रात्री नऊला जनरेटर सुरू झाला आणि एसी चालू झाला. मला त्या घरघरीत झोप येईना, म्हणून बाहेर येऊन बसले. बोटीवरचे एक वयस्क चेट्टन (तिथे मोठ्या माणसाला असंच हाक मारतात, आपल्या ‘दादा’सारखं) तिथेच चटई टाकून बसले होते. त्यांचं हिंदी आणि माझं इंग्रजी यांची कशीबशी गाठ पडली. मी सहज विचारलं की ही बोट किती जुनी आहे? त्यांनी हातातली टॉर्च खाली, पाण्यालगतच्या फळ्यांवर मारली. दोन फळ्यांच्या मध्ये खिळा नव्हता. तिथे काथ्या होता. जाड, काळपट, टाक्यांसारखा ओवलेला. म्हणाले, वरचं सगळं नवीन, खालचं जुनं. माझे वडील यातून भात न्यायचे.

भात म्हणजे गोण्यातलं भात. शिजवलेला नाही. मला समजायला दोन मिनिटं लागली.

तिथून या विषयाचं वेड लागलं, आणि आज तुम्हाला ते लावायचा प्रयत्न आहे. आपण ज्याला ‘केरळ हाऊसबोट’ म्हणतो ती मुळात मालवाहू होडी आहे. तिचं नाव केट्टुवळ्ळम. मल्याळममध्ये ‘केट्टु’ म्हणजे बांधलेली आणि ‘वळ्ळम’ म्हणजे होडी. रानफणसाच्या जातीच्या आंजिली नावाच्या झाडाच्या लांब फळ्या घ्यायच्या, कडेने भोकं पाडायची, सांध्यावर नारळाच्या काथ्याचा भरणा ठेवायचा आणि काथ्याच्याच दोरीने फळ्या एकमेकींना शिवून टाकायच्या. वरून काजूपासून काढलेलं काळं तेल चोपडायचं म्हणजे लाकूड पाण्यात टिकतं. लोखंड नाहीच, तर गंज कुठून येणार? एखादी फळी कुजली तर टाके उसवायचे, नवी फळी बसवायची, पुन्हा शिवायचं. सत्तर-ऐंशी फुटांची होडी अशी शिवलेली असते आणि ती तीस टनांपर्यंत माल घेते. तीस टन म्हणजे आजच्या हिशेबाने एक मोठा मल्टी-अ‍ॅक्सल ट्रक. इंजिन शून्य. वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा लांब बांबू तळाला टेकवून काठाकाठाने रेटत जायचं.

हा माल कुठला? कुट्टनाडचा. कुट्टनाड म्हणजे वेंबनाड सरोवराच्या दक्षिणेला पसरलेला, समुद्रसपाटीच्याही खाली असलेला भातशेतीचा मुलूख. बांध घालून पाणी बाहेर काढायचं आणि आत पेरायचं. या शेतीपद्धतीला 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. पण अशा जागी रस्ता कुठून आणणार? तिथे पाणी हाच रस्ता. कोचीच्या बंदरापर्यंत भात, नारळ, काथ्या, मसाले या होड्यांतून जायचे. अलप्पुळात 1859 मध्ये पहिला काथ्याचा कारखाना निघाला, तोही या कालव्यांच्या जिवावर चालला.

मग पूल झाले, रस्ते झाले, ट्रक आले. इथे खलनायक शोधायची गरज नाही. ट्रकने जे काम दोन तासांत होतं ते होडीने दीड दिवसात कोण करणार? होड्या काठाला लागल्या आणि कुजायला लागल्या. काही फोडून लाकूड विकलं गेलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कुणाच्या तरी डोक्यात आलं की या होड्यांवर बांबूचं छप्पर घालून पर्यटकांना राहायला दिलं तर? आयडिया एवढी चालली की आज वेंबनाडमध्ये शेकडो हाऊसबोटी आहेत आणि केरळ टुरिझमचं पोस्टर त्यांच्याशिवाय होत नाही.

म्हणजे होडी वाचली. हॅपी एंडिंग. मीही सहा महिने असंच समजत होते, सबमिशनमध्ये तसं लिहिलंही. सरांनी त्यावर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं: ‘नेमकं काय वाचलं?’

बसून विचार केला तर उत्तर अवघड आहे. शीड गेलं. आज अलप्पुळाला जा आणि शीड लावलेली एखादी केट्टुवळ्ळम शोधून दाखवा. बांबूने रेटणं गेलं, कारण डिझेल इंजिन आलं. बऱ्याच बोटींवर आता खालून फायबरग्लासचा थर दिलेला असतो, म्हणजे काथ्याचे टाके असले काय, नसले काय. नव्या बांधतात त्यातल्या कित्येकांचा तळच स्टीलचा. वर दुसरा मजला, कॉन्फरन्स हॉल, डीजे. आणि संडास-बाथरूमचं पाणी आणि इंजिनचं तेल जातं कुठे, हा प्रश्न तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं विचारतायत. वेंबनाड हे 2002 पासून रामसर यादीतलं, आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ क्षेत्र आहे, हे विसरायला होतं. शिवणारा कारागीर मागे पडला, कारण वेल्डर स्वस्त आणि लवकर काम देतो. उरला तो बाहेरचा आकार. आपल्या भाषेत, फिल्टर.

इथे मला स्वतःलाच थांबवायला हवं. कारण असं लिहिताना एक गुलाबी सूर आपोआप येतो, की अहाहा, काय ते दिवस, शीड आणि वारा. त्या रात्री मी चेट्टनना विचारलं होतं, तुम्हाला जुने दिवस आठवतात का? त्यांनी खांद्याच्या खाली, छातीच्या बाजूला हात ठेवला. बांबू तिथे टेकवून रेटायचा. वडिलांच्या तिथे गठ्ठा आला होता म्हणे, दगडासारखा. त्यांच्या मुलाने हे काम करावं असं त्यांना मुळीच वाटत नाही. तो कोचीला मोबाइलच्या दुकानात आहे आणि वडील खूश आहेत. त्यामुळे ‘परंपरा जपा’ असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा ती कुणाच्या खांद्यावर जपायची, हे आधी विचारलं पाहिजे. वजन न उचलणाऱ्याला नॉस्टॅल्जिया फार सोपा असतो.

पण म्हणून सगळं सोडून द्यायचं, असंही नाही. मधला रस्ता असतो आणि तो काही ठिकाणी लोकांनी चालून दाखवलाय.

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा परगणा आहे. तिथल्या नद्या आणि उथळ तळी मिळून ‘ब्रॉड्स’ म्हणतात. (मजा म्हणजे ही तळी नैसर्गिक नाहीत. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट खणलं, त्या खड्ड्यांत पाणी भरलं. हे 1950 च्या दशकात जॉईस लँबर्ट नावाच्या संशोधक बाईंनी दाखवून दिलं.) तिथे ‘व्हेरी’ नावाच्या लाकडी मालवाहू शिडाच्या होड्या होत्या. एकच मोठं काळं शीड, डोलकाठी पार पुढे आणि तिच्या बुडाशी शिशाचं भलंमोठं वजन. त्यामुळे पूल आला की डोलकाठी तराजूसारखी आडवी करायची, खालून सरकायचं आणि पुन्हा उभी करायची. पुरी होडी दोन माणसं चालवायची. कधीकाळी अशा तीनेकशे होत्या. रेल्वे आली, मग मोटारी आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शिडाने चालणारी एकही उरली नाही.

1949 मध्ये काही लोकांनी नॉरफोक व्हेरी ट्रस्ट काढला आणि ‘अल्बियन’ नावाची, 1898 साली बांधलेली व्हेरी ताब्यात घेतली. तिची डोलकाठी आधीच काढून टाकली होती, निव्वळ ओढत न्यायचा तराफा झाला होता तिचा. त्यांनी तिला पुन्हा शीड चढवलं. पहिल्यांदा त्यांनी काय केलं असेल? मालच वाहिला! होडीने होडीचं काम करावं म्हणून. हिशेब काही जमला नाही, काही वर्षांत ते बंद करावं लागलं. मग लोकांना फिरवायला सुरुवात केली. पण फरक बघा. फिरवतात ते शिडावर. चढणाऱ्या माणसाला दोरी हातात देतात. व्हॉलंटियर लोक शिकून शिकून तिचे तांडेल होतात. अल्बियन अजून चालतेय.

दुसरी, ‘मॉड’, 1899 ची. तिला तर एका तळ्याचा काठ खचू नये म्हणून मुद्दाम बुडवून टाकलं होतं. 1980 च्या दशकात एका जोडप्याने ती चिखलातून वर काढली आणि जवळपास दोन दशकं खपून, 1999 मध्ये, तिच्या शंभराव्या वर्षी पुन्हा पाण्यात सोडली. माल वाहणाऱ्या तीनशेतल्या या दोनच शिल्लक आहेत.

आता फिलॉसॉफीवाले हात वर करतील. इतक्या फळ्या बदलल्यावर ती तीच होडी कशी? थिसियसच्या जहाजाचा तो प्रसिद्ध प्रश्न. मला याचं उत्तर केट्टुवळ्ळमने दिलं. शिवलेल्या होडीच्या बाबतीत हा प्रश्नच गैरलागू आहे, कारण ती बदलण्यासाठीच बनवलेली असते. टाके उसवायचे, फळी बदलायची, पुन्हा शिवायचं, हेच तर तिचं आयुष्य. जुनं लाकूड गेलं म्हणून ती संपत नाही. शिवता येणारा हात गेला की संपते. एसी हॉलमध्ये काचेआड ठेवलेली फळी सुकून तडकते. हातातली कला दुसऱ्या हातात गेली तर राहते.

याचा पुरावा पार दुसऱ्या दिशेने मिळालाय, आणि तो आपल्या जवळचा आहे. ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं शिवलेलं शिडाचं जहाज. त्याचा नकाशा कुठून घेतला? आपल्या अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. बांधलं गोव्यात, होडी इनोव्हेशन्स या कंपनीने. आणि शिवलं केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली, काथ्याच्या दोरीने. म्हणजे संस्कृती मंत्रालय, नौदल, आयआयटी मद्रास इतके सगळे एकत्र आले तरी शेवटी गाडी अडली असती ती टाके घालता येणाऱ्या मूठभर लोकांपाशी. ते आहेत म्हणून हे जहाज आहे. अजून वीस वर्षांनी असं काही करायचं ठरवलं तर कुणाला फोन लावणार?

आणि टुरिझमशिवाय केरळमध्येच होड्या टिकल्याचं एक उदाहरण आहे, जे आपण नेहमी रीलमध्ये बघतो. चुंडन वळ्ळम, म्हणजे स्नेक बोट. नेहरू ट्रॉफीची शर्यत 1952 मध्ये पंडित नेहरूंच्या भेटीपासून सुरू झाली आणि अजून त्याच जोशात चालते. शंभर-शंभर माणसं वल्ही मारतात. या होड्या गावागावांच्या मालकीच्या असतात. गाव वर्गणी काढतं, आंजिलीचं झाड शोधतं, सुतार बोलावतं, नवी होडी बांधून घेतं. तिथे सुताराची कला मरत नाही, कारण गावाची इज्जत तिच्यावर उभी असते. त्या होड्यांवर कुणी बेडरूम बांधलेली नाही. त्यांना त्यांचंच काम आहे.

केट्टुवळ्ळमलाही असं काही देता येईल का? माझं मत स्पष्ट आहे: सगळ्या हाऊसबोटी बंद करा, असं म्हणणं बालिश आहे. हजारो कुटुंबांचं पोट त्यावर आहे, चेट्टनचंही. पण दहा तरी होड्या अशा असाव्यात की ज्यांच्या तळाशी खरा काथ्या आहे, वर शीड आहे आणि इंजिन असलंच तर अडचणीपुरतं. त्यावर दिवसभराची फेरी मारा, रात्रीचा एसी नको. तिकीट जास्त ठेवा. आम्ही बारा जणांनी जेवढे पैसे दिले त्याच्या निम्म्यात मी शिडाच्या होडीवर एक दुपार आनंदाने काढली असती, आणि दोरी ओढायला मिळाली असती तर फोटोही जास्त भारी आले असते. सरकारने लायसन्सची फी, पार्किंगची जागा, कर यात अशा होड्यांना सूट द्यावी. शिवणाऱ्या कारागिराला शिष्य ठेवायला मानधन द्यावं. एवढं काही चंद्रावर जायचं काम नाहीये.

दुसरं काम फुकटात होण्यासारखं आहे, ते म्हणजे नोंद. बंगालमध्ये रूपनारायण नदीवर ‘छोट’ नावाची शिडाची होडी असायची, तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा. ती वापरातून गेली. 2022 मध्ये हावडा जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या सुताराने आणि त्याच्या मुलांनी ती पुन्हा बांधली, आणि संशोधकांनी पहिल्या फळीपासून शेवटापर्यंत सगळं कॅमेऱ्यात टिपलं. कारण हे सुतार कागदावर नकाशा काढत नाहीत. सगळं डोक्यात आणि हातात. माणूस गेला की ब्लू-प्रिंट गेली. कोलकात्यात 2014 पासून एक नौका संग्रहालयही आहे, बंगालच्या चाळीसहून अधिक प्रकारच्या होड्यांच्या प्रतिकृतींचं.

आता घरचं बघू. मी मूळची चिपळूणची. गोवळकोटचा धक्का आमच्या आजोळापासून चालत दहा मिनिटांवर. आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळहून पडाव यायचे. भरतीबरोबर आत यायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर. मंगलोरी कौलं, मीठ, खोबरं, गूळ. आमच्या आजोळच्या छपरावरची कौलं अशीच आली म्हणे. शीड दिसलं की पोरं धक्क्यावर धावायची, कारण तांडेल कधीकधी खोबऱ्याचा तुकडा द्यायचा. महाड, राजापूर, खारेपाटण ही सगळी समुद्रापासून कितीतरी आत असलेली गावं बाजारपेठा कशी झाली, याचं उत्तर या होड्यांत आहे.

मागच्या दिवाळीत मी आजोबांना घेऊन धक्क्यावर गेले. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, सांगा, पडाव कसा होता? आजोबा बराच वेळ बोलले. शीड किती मोठं, हे हात पसरून दाखवलं. मग मी विचारलं की त्याच्या फळ्या कशा जोडायचे? खिळे की दोरी? आजोबा गप्प झाले. म्हणाले, ‘अगो, ते मी नाही बघितलं. ते सुताराला विचारायला हवं होतं.’ सुतार आळीत जाऊन आले. होडी बांधणारं तिथे आता कुणीच नाही. एका घरात आजोबांच्या वयाचे एक काका आहेत, त्यांना वडिलांचं एक हत्यार सापडलं माळ्यावर. ते कशासाठी वापरायचे, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्या यादीत आपली दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी आहे. बाणकोटची सावित्री आहे, जयगडची शास्त्री, रेवदंड्याची कुंडलिका, राजपुरीची खाडी, अंबा नदी, कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग, आणि गोव्यातल्या मांडवी, जुवारी, कुंभारजुवेही आहेत. उद्या खरंच इथे जेट्ट्या बांधल्या जातील, बार्ज फिरतील, ‘कोकण बॅकवॉटर्स’ म्हणून टुरिझमची टेंडरं निघतील. मला खात्री आहे की तेव्हा कुणीतरी केरळची हाऊसबोट कॉपी करून वाशिष्ठीत आणून सोडेल, वर बांबूचं छप्पर घालून. आणि आपण तिच्यावर फोटो काढू. इथे कधीतरी पडाव होता, हे त्या बोटीवरच्या माणसालाही ठाऊक नसेल, आणि केरळमध्ये निदान काथ्या तरी दाखवता येतो. आपल्याकडे टॉर्च मारायची कुठे?

म्हणून या सुट्टीसाठी एक सुचवते, आदेश नाही. तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत, वसई-पालघरचे आहेत, गोव्यातले आहेत, त्यांच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल ज्याने शिडाची होडी चालवली आहे, बांधली आहे किंवा नुसती भरली-उतरवली आहे. हातपाटीने वाळू काढणाऱ्यांकडे, कोळीवाड्यात, जुन्या धक्क्याजवळच्या वखारीत विचारा. इंजिनिअरिंगवाल्यांनी मापं घ्या. आर्किटेक्चरवाल्यांना तर मेजर्ड ड्रॉइंगच्या असाइनमेंटला नेहमी तोच एक वाडा मिळतो. एखादी होडी घ्या. मराठीवाल्यांनी शब्द गोळा करा. पडाव, मचवा, शिबाड, बतेला हे चार वेगवेगळे प्रकार होते, त्यांच्यातला फरक सांगू शकेल असा माझ्या वर्गात एकही नव्हता, मी धरून. आणि आमच्यासारखे मास कॉमवाले तसेही कॅमेरा घेऊन फिरतच असतात.

आजोबांचं रेकॉर्डिंग सत्तेचाळीस मिनिटांचं आहे. एकतिसाव्या मिनिटाला मी फळ्यांचं विचारते आणि त्यानंतर चाळीस सेकंद फक्त वाऱ्याचा आवाज आहे. पुढच्या महिन्यात दाभोळला जाणार आहे. तिकडे एक आजी आहेत, त्यांचे वडील तांडेल होते असं कळलंय. वय ब्याण्णव. फोनवर म्हणाल्या, लवकर ये.